रंगाच्या थरातले बोट

ती घटना आजही आठवते, आणि सगळ्यात आधी आठवते ती त्यातली माझी चूक. पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचल्या की वाटते, ही माणसे कधी चुकतच नव्हती. मी स्टुटगार्टच्या गुन्हे पोलिसांत एकतीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी फसवणूक विभागात, आणि भरपूर चुकलो. ही चूक मात्र माझ्या एकाही जर्मन सहकाऱ्याने केली नसती. ती करायला मराठीच माणूस लागत होता.

माझे वडील इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पुढे नागरिकत्व, पोलीस प्रशिक्षण, इथलीच श्वाबियन बायको असे सगळे रीतसर झाले. घरातली मराठी आईमुळे टिकली. नोकरीत मात्र समोर आपला माणूस आला की मी जास्तच जर्मन व्हायचो. हा आपल्या लोकांना झुकते माप देतो, असे कोणी म्हणायला नको, ही धास्ती कायम मनात असायची.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर एका मंगळवारी सकाळी एक काकू मुलाला घेऊन आमच्या कचेरीत आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, गेर्लिंगेनला राहणाऱ्या. अंगावर साडी, तिच्यावर जाडजूड हिवाळी कोट, पायात लोकरीचे बूट. त्यांचे यजमान एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते, दोन वर्षांपूर्वी वारले होते. नोकरीत आयुष्यभर सरळ रेषा काढणारा हा गृहस्थ शनिवार-रविवारी घराच्या तळघरात बसून तैलचित्रे काढायचा, आणि त्यांत एकही रेष सरळ नसायची. सगळे विषय गावाकडचे. भात लावणाऱ्या बायका, मेंढरांमागून चाललेला धनगर, खळ्यावरची उफणणी, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या तिघीजणी. रंग ते ब्रशने लावत नसत, पुट्टीच्या पातीने थापत. जवळून पाहावे तर नुसती रंगाची ढेकळे, कुठे नाक नाही, कुठे डोळा नाही. चार पावले मागे सरकले की वाकलेली बाई दिसायची, तिच्या पाठीवरचे ऊनसुद्धा दिसायचे.

तक्रार अशी होती. शहरातल्या एका गॅलरीवाल्याने प्रदर्शनासाठी अकरा चित्रे नेली आणि सहा महिन्यांनी अकरा चित्रे परत आणून दिली. काकूंचे म्हणणे, ही त्यांची नाहीत.

"कशावरून?" मी विचारले. जर्मनमध्ये.

काकू मराठीत काहीतरी लांबलचक सांगू लागल्या. मुलाने त्यांना मध्येच थांबवले. "आई, कुर्त्स, बिट्टे," थोडक्यात सांग, आणि माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "ती म्हणते, हात लावला तर वेगळं लागतं. बाकी काही नाही."

काकूंनी माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुम्ही आपलेच ना हो?"

मी जर्मनमध्ये उत्तर दिले, "बाई, इथे मी पोलीस आहे." हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

चौकशी मात्र नियमाप्रमाणे केली. चित्रे मागवली. आमच्या तज्ज्ञाने कॅनव्हास तपासला, जुना. चौकटी जुन्या, सही बरोबर, मागची चिठ्ठीसुद्धा यजमानांच्याच अक्षरातली. गॅलरीवाला सभ्य, हातावर अत्तर लावणारा माणूस, त्याने सगळी कागदपत्रे न मागता पुढे केली. प्रकरण बंद करावे, असा अभिप्राय मी दिला आणि सरकारी वकिलांनी तो मान्य केला.

निरोप घेताना मुलगा मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन बोलला. तो हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला होता, दर शनिवारी अडीच तास गाडी चालवत आईकडे यायचा. शेगडीवर विसरलेलं पातेलं, दोनदा हरवलेली किल्ली असे त्याने काय काय सांगितले. "आणि आता हे. नवऱ्याची चित्रं ओळखत नाही ती. मी कोर्टात अर्ज केलाय." अर्ज होता बेट्रॉयुंगचा. म्हणजे माणूस स्वतःचे व्यवहार सांभाळू शकत नाही असे कोर्टाने ठरवायचे आणि त्याच्या वतीने निर्णय घ्यायला दुसऱ्याला नेमायचे. अर्ज मंजूर झाला की गेर्लिंगेनचे घर विकायचे आणि आईला आपल्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचे, असा त्याचा बेत होता. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेली माणसे लबाड माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. त्या अर्जाला त्याने जोडलेला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे प्रकरण बंद केल्याचे माझे पत्र होते.

तीन आठवड्यांनी फोन आला. चौकटी करणारा एक म्हातारा कारागीर होता. नाव सांगायला तयार नव्हता, मग सांगितले.

"त्या गॅलरीने तीच अकरा चित्रं माझ्याकडे दोनदा पाठवली," तो म्हणाला. "पहिल्यांदा चौकटी साफ करायला. दुसऱ्यांदा, चौकटी सैल झाल्या म्हणून. आल्झो, म्हणजे काय, दुसऱ्या खेपेला चित्रं हलकी होती."

"तराजूवर ठेवली होती का?"

"चाळीस वर्षं चौकटी उचलतोय मी. मला तराजू कशाला?"

"मग आत्ताच फोन का केला?"

"काल गॅलरीवाला कॉफी पिताना हसत सांगत होता, ती म्हातारी वेडी ठरणार म्हणून. मला काही हसू आलं नाही."

मी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच हलका झालो होतो. कारागिराच्या दंडाच्या भरवशावर झडतीचा हुकूम मिळत नाही. हिरमुसला होऊन परत आलो, तर माझ्या हाताखालची तरुण अधिकारी फाइल उघडून बसली होती. पोरगी हुशार आणि तोंडाने तिखट.

"त्या बाईंशी तू तुमच्या भाषेत बोललास?" तिने विचारले.

"मुलगा होता की सांगायला."

"नातेवाइकाला कधीही दुभाष्या करायचं नाही. हे आम्हाला प्रशिक्षणात कोणी शिकवलं?"

मीच शिकवले होते. तुर्की, इटालियन, क्रोएशियन, कोणाच्याही बाबतीत मी हा नियम मोडला नव्हता. मोडला तो फक्त माझ्याच माणसाच्या बाबतीत, तेही नि:पक्षपाती दिसावे म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेर्लिंगेनला एकटा गेलो. दार उघडताच म्हणालो, "काकू, मराठीत बोलायला आलोय."

"आता सुचलं का?" त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "बसा. पोहे टाकते."

"ड्यूटीवर आहे, काकू."

"ड्यूटीवर भूक लागत नाही का?"

पोहे झाले, चहा झाला, मग त्या मला बैठकीत घेऊन गेल्या. अकरा चित्रे भिंतीला टेकून उलटी ठेवली होती. "तोंड बघवत नाही मला ह्या चित्रांचं," त्या म्हणाल्या. त्यांनी त्यातले भारेवाल्या तिघींचे चित्र सुलटे केले.

"मूळ चित्र ह्यांनी केलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. रंग ओला होता, आणि ह्या पठ्ठ्यानं मागच्या बाईच्या भाऱ्यात बोट घातलं. चांगलं खोलवर. मी मारायला धावले. हे हसले. म्हणाले, राहू दे, बाईला बोरं ठेवायला जागा झाली. पुढं त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला ओवाळून झालं की त्याला उचलून त्या खड्ड्यात बोट घालायला लावायचं. पहिल्या वर्षी गेलं, दुसऱ्या वर्षी अडकलं, तिसऱ्या वर्षी जाईचना. मग हे म्हणायचे, झाला मोठा."

"मग?"

"मग काय! दर दिवाळीला मी ही चित्रं मऊ ब्रशनं झाडते, केकला अंडं लावायचा असतो ना, त्यानं. तेव्हा खड्ड्यात करंगळी घालून बघायची खोडच आहे मला. तीस वर्षांत नखाच्या पुढं गेली नाही. माझे सांधे हे असे." त्यांनी सुजलेली करंगळी दाखवली. मग तीच चित्रातल्या भाऱ्यावर टेकवली. बोट पहिल्या पेरापर्यंत सरळ आत गेले.

मी उभाच राहिलो. "काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होते की! त्यानं गप्प केलं, तुम्ही जर्मन झालात. आणि मग वाटलं, तुझ्याच बोटाचं आहे बाबा, तुला आठवत नाही का, असं त्याला चारचौघांत काय विचारायचं?"

मी रुमालाने डोळे पुसले, मग ते चित्र पंचनामा करून ताब्यात घेतले. बाकीच्या दहांचीही पावती करून दिली.

चोराने नक्कल करताना कमालीची निष्ठा दाखवली होती. मूळ चित्रातला खड्डासुद्धा त्याने सोडला नव्हता. पण खड्डा करायचा तर ओल्या रंगात काहीतरी खुपसावे लागते, आणि त्याने खुपसली होती स्वतःची करंगळी. जाड रंग वाळला तसा त्याच्या तळाशी ठसाही वाळला, रेषा न् रेषा शाबूत. आमच्या ठसे विभागातल्या माणसाने भिंगातून पाहिले आणि शीळ घातली. ठसा आमच्या नोंदीत निघाला. जुन्या फर्निचरच्या एका प्रकरणात पूर्वी पकडलेला, चित्रांची डागडुजी करणारा एक इसम होता.

तो आला तो शांतपणे. स्वच्छ घासलेले हात टेबलावर ठेवून दोन तास बसला. गॅलरीवाल्याला ओळखतो, कामे करतो, ह्या चित्रांविषयी काही माहीत नाही. चौकशीत ओरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत, त्यांच्या हाती फारसे लागत नाही. माणूस कशाचा अभिमान बाळगतो ते शोधावे, तिथे दार असते. मी खड्ड्याचा मोठा केलेला फोटो त्याच्यापुढे सरकवला आणि सहकारी पोरीला म्हणालो, "बाकी काम ठीक आहे, पण इथं बघ कसा गलथानपणा केलाय. रंग ओला असताना बोट लागलं आणि तसंच सोडून दिलं. शिकाऊ माणूस असणार."

"शिकाऊ?" तो ताडकन म्हणाला. "तो डाग नाही! मूळ चित्रात तो खड्डा तिथेच आहे!"

"कुठल्या मूळ चित्रात?" मी विचारले.

त्याने डोळे मिटले. नंतर मात्र अडून राहिला नाही. गॅलरीवाल्याला मूळ चित्रांसाठी परदेशी गिऱ्हाईक दिसले होते. खालचा उंचसखल थर कृत्रिम पुट्टीचा, तो लवकर वाळतो, वर तेलरंग. म्हणून चित्रे हलकी होती. आपल्या प्रत्येक नकलेवर तो खुणेचा एक शिक्का मारत असे, आतल्या लाकडाच्या खालच्या पट्टीवर, वरून मूळ चित्रांवर असतो तसाच जुना कागद चिकटवून. "किती केल्या?" "अकरा," तो म्हणाला.

आता झडतीचा हुकूम तासाभरात मिळाला. गॅलरीवाल्याच्या गोदामात कापडात गुंडाळलेली अकरा चित्रे सापडली, चौकटीशिवाय. भारेवाल्या तिघीही होत्या, आणि त्यांच्या भाऱ्यातल्या खड्ड्यात आमच्यापैकी कोणाचीच करंगळी शिरेना.

तरी गॅलरीवाला डगमगला नाही. "त्या एका चित्राची अदलाबदल चुकून झाली असेल. बाकीच्या दहा नकला ह्याच, माझ्या गोदामातल्या. अस्सल बाईंच्या घरी आहेत. कागदाखालचे शिक्के कोणी कुठे मारले, कोणाला ठाऊक? आणि बाईंचं काय ऐकता, त्यांचा मुलगाच सांगतोय डोकं ठिकाणावर नाही म्हणून." प्रयोगशाळेच्या अहवालाला कित्येक आठवडे लागणार होते. मुलाच्या अर्जाची सुनावणी पुढच्या गुरुवारी होती.

गॅलरीवाल्याचे काय ते पुढे झालेच असते. मला घाई होती ती गुरुवारची. मी त्या अर्जाच्या न्यायाधीश बाईंना फोन केला आणि विनंती केली की काकूंना ऐकायचे तर आमच्या मुद्देमालाच्या खोलीत येऊन ऐकावे. त्या आल्या. सरकारी वकील आले. मुलगा आला, टाय लावून, पांढराफटक. लांब टेबलांवर चौकटी काढलेल्या चित्रांच्या दहा जोड्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत एक घरचे, एक गोदामातले. लाकडावरचे कागद आम्ही मुद्दामच अजून उचकटले नव्हते, उत्तर आधी काकूंकडून हवे होते. कुठले चित्र घरचे, कुठले गोदामातले, हे फक्त माझ्या सहकारी पोरीच्या यादीत होते, आणि ती बाहेर उभी होती.

काकूंपुढे रबरी हातमोजे आले. त्यांनी ते बाजूला सारले. "मोजे घालून कोणी भाकरी थापतं का?" मी भाषांतर केले. न्यायाधीश बाईंनी मान हलवली. मग कोणी सांगितले नसताना काकूंनी साडीचा पदर डोळ्यांवर घट्ट गुंडाळला. "डोळे उघडे ठेवले तर म्हणतील, बघून ओळखलं."

बाईंचे वय झाले होते, सांधे सुजलेले होते, आणि चुकल्या असत्या तर त्यांना त्या वृद्धाश्रमात पोचवण्यात माझाही हात लागला असता.

पहिल्या जोडीवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले, खालून वर फिरवले, मग वरून खाली. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे. "हे त्यांचं. त्यांची पात वर जाताना सुटायची, कड वर उभी राहते, हाताला बोचते. हे दुसरं गुळगुळीत आहे." दुसरी जोडी. तिसरी. कुठे क्षणभर, कुठे मिनिटभर. वकील लिहून घेत होते. खोलीत फक्त तळवे घासल्याचा आवाज येत होता.

सातवी जोडी मेंढरांची होती. काकू थांबल्या. एकावर हात फिरवला, दुसऱ्यावर फिरवला, परत पहिल्यावर आल्या. कपाळाला आठी पडली.

"ह्यातलं कुठलंच त्यांचं नाही."

मी भाषांतर केले. मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. वकिलांनी पेन खाली ठेवले. दोघांपैकी एक अस्सल असायलाच हवे होते.

"काकू, पुन्हा एकदा बघा," मी म्हणालो.

"पुन्हा कशाला? दोन्ही त्याच दुसऱ्या माणसाची. पुढचं आणा."

दहाही जोड्या झाल्या. ठसेवाल्याने गरम वाफेने कागद सोडवले. पहिल्या जोडीत काकूंनी नकली म्हटलेल्यावर शिक्का. दुसऱ्या जोडीत तसाच. सहापर्यंत सगळे बरोबर. सातवी जोडी उलटी केली. एकावर शिक्का निघाला. दुसऱ्यावरचा कागद सुटायला वेळ लागला, टोक फाटले, आणि खालून तोच शिक्का बाहेर आला.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" सरकारी वकील टेबलावर हात आपटून ओरडले. इतका सभ्य माणूस ओरडताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. मेंढरांचे मूळ चित्र केव्हाच विकले गेले होते, आणि परदेशी गिऱ्हाईकाला पूर्ण अकरा देता यावीत म्हणून गॅलरीवाल्याने बारावी नक्कल करवून घेतली होती. ती ना आमच्या तज्ज्ञाला कळली होती, ना मला, ना त्या नक्कल करणाऱ्याने कबूल केली होती. पदराने डोळे झाकून एका बाईने ती पकडली. उरलेल्या तीन जोड्याही बरोबर निघाल्या. माझी छाती अशी फुगली की गणवेश असता तर बटणे तुटली असती.

काकूंनी पदर सोडला. न्यायाधीश बाई उभ्या राहिल्या, त्यांनी काकूंचे रंगाने धुळकटलेले हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मला आणखी काही विचारायचं नाही." मुलगा पुढे आला. मी त्याला तोवर मराठी बोलताना ऐकलेच नव्हते.

"आई," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी अर्ज परत घेतो."

"घे," काकू म्हणाल्या. "आणि आधी जेव. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्याशेजारी ती तिखट पोरगीही तेच करत होती.

गॅलरीवाल्याला शिक्षा झाली. मेंढरांचे चित्र बोडेन सरोवराकाठच्या एका घरातून परत आणले, ते आणायला मी स्वतः गेलो. हक्काची सुट्टी टाकून गेलो, सरकारी गाडी वापरली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे नव्या अधिकाऱ्यांनी विचारले तर मी फार काही सांगत नाही. म्हातारे माणूस 'वेगळं लागतं' म्हणाले तर खुर्ची जवळ ओढावी आणि 'कुठे' असे विचारावे. घरच्यांना बाहेर बसवावे, ते कितीही प्रेमाचे असले तरी. आणि आपल्या माणसाला न्याय देताना आपण जास्त कडक वागलो, याला सचोटी समजू नये, तो भित्रेपणाच असतो. मी तो केला होता. काकूंनी मला पोह्यांवर माफ केले, एवढेच माझे नशीब.

काकू त्यानंतर नऊ वर्षे त्याच घरात राहिल्या, त्याच भिंतींमध्ये, स्वतःच्या मर्जीने. बँक, दवाखाना, घरदुरुस्ती, सगळ्या कागदांवर सही त्यांचीच असायची. मुलगा दर शनिवारी अडीच तास गाडी चालवून यायचा आणि आईशी मोडक्यातोडक्या मराठीत भांडायचा.